जखमी माणसाचे बोलणे

(श्री संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे. मॅट्रिकनंतर शिक्षकाची सनद घेऊन आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मुलांना बाराखडी शिकविली, एवढीच काय ती माझी पुंजी. तेव्हा आज मी सांगणार आहे ते पोथीतले ज्ञान नव्हे. एक झालेली चूक आहे, आणि त्या चुकीने मला जे शिकविले ते आहे. विषय थोडा वेगळा वाटेल. अपघात होऊन जखमी झालेला माणूस जेव्हा दवाखान्याच्या दारी येतो, आणि तो आपल्या भाषेचा, आपल्या वेशाचा, आपल्या लोकांपैकी नसतो, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते, हा तो विषय होय. आपल्या मंडळासमोर आज जो ठराव यावयाचा आहे, त्याच्याशी याचा निकटचा संबंध आहे, तो मी शेवटी सांगेन.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा मेळघाटातील एका लहानशा गावी शिक्षक होतो. आपल्यापैकी कित्येकांची दुकाने त्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. बाजाराच्या दिवशी खाली उतरणारे कोरकू लोक आपल्या परिचयाचे आहेत. पण परिचयाचे म्हणजे काय, तर आपण त्यांस कापड विकतो, शिवून देतो, आणि ते पैसे मोजून निघून जातात. त्यांची बोली मराठीची किंवा हिंदीची बहीण नव्हे. भाषापंडित तिला मुंडा कुळातील म्हणतात. छोटा नागपुराकडील संथाळ आणि मुंडा लोकांच्या बोली तिच्या सख्ख्या नात्यातल्या. आपल्या कानाला तिचा एक शब्दही ओळखीचा वाटत नाही. मी त्या गावी चार वर्षे राहिलो होतो, आणि सांगावयास लाज वाटते, की त्या चार वर्षांत मी दहा शब्दसुद्धा शिकलो नव्हतो. उलट, वर्गात कोणी पोर कोरकूत बोलले की मी छडी टेबलावर आपटून म्हणत असे, "मराठीत बोला!" मुलांचे कल्याण त्यातच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी होळीच्या सुमारास तिसरीतला एक मुलगा बापाबरोबर गाडीवरून बांबू आणीत होता. उतारावर बैल बुजले, गाडी कलंडली, आणि पोर गाडीच्या दांडीवर आपटून खाली पडले. हाताला मोठी जखम झाली होती; रक्त वाहत होते. योगायोगाने वनखात्याची जीप गावात आली होती. मी, मुलाचा बाप आणि मुलगा असे तिघे तीत बसून त्या भागातील एका सरकारी दवाखान्यात पोहोचलो. दवाखान्याचे नाव मी घेत नाही. त्याची आवश्यकताही नाही.

तेथे एक तरुण डॉक्टर होते आणि बाहेर पडवीत चाळीसेक रोगी बसलेले होते. डॉक्टर मनुष्य म्हणून चांगले होते हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांनी हात धुतला, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, आणि "आता निजू द्या" असे सांगून ते पुढच्या रोग्याकडे वळले. मुलाच्या बापाला दाराबाहेर थांबावयास सांगितले होते. तो बिचारा उंबऱ्यापाशी उकिडवा बसून होता. त्याला कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. मी शिकलेला माणूस बरोबर असता त्या अडाण्यास काय विचारावयाचे!

मुलगा रडत नव्हता. डोळे मिटून पडला होता आणि मधूनमधून हलक्या आवाजात एकच शब्द म्हणत होता, "कसू… कसू…" कंपाउंडरने ते ऐकले. तो हसून म्हणाला, "कसं कसं काय विचारतोस रे? गाडीवरून पडलास, तसं!" बंधुभगिनींनो, खोटे कशास बोलू? मीही हसलो. मला वाटले, पोर घाबरून 'हे कसं झालं, कसं झालं' असे बडबडत आहे. इतकेच नव्हे, तर मी डॉक्टरांना सांगितले, "ही जंगलातली मुले मोठी काटक असतात, साहेब. बघा, एवढे टाके घातले तरी हूं की चूं नाही." माझ्या या शब्दांनी डॉक्टरही निश्चिंत झाले असावेत.

दिवे लागणीच्या वेळी झाडलोट करणारी बाई खोलीत आली. ती त्याच लोकांपैकी होती. केरसुणी हातात तशीच धरून ती क्षणभर उभी राहिली आणि मला म्हणाली, "गुरुजी, हे पोर 'कसं' नाही म्हणत. आमच्या बोलीत कसू म्हणजे दुखणं. त्याला लई दुखतंय." मग ती खाटेशी वाकली, त्याच्याशी दोन शब्द बोलली, आणि तिने त्याच्या पोटाकडे बोट दाखविले. "हात नाही. इथं."

मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी सदरा वर करून पोटास हात लावला मात्र, त्यांचा चेहरा पालटला. पोट फळीसारखे घट्ट झाले होते. नाडी धावत होती. पापण्या आतून पांढऱ्या पडल्या होत्या. गाडीच्या दांडीच्या माराने पाणथरी फुटून आतल्या आत रक्तस्राव होत होता. हाताची जखम सर्वांना दिसत होती म्हणून तिच्यावर उपचार झाले. जी जखम प्राण घेणार होती ती दिसत नव्हती, आणि जो तिच्याविषयी सांगत होता त्याचे बोलणे ऐकणारे कोणी नव्हते. रातोरात घाट उतरून मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, शस्त्रक्रिया झाली, आणि ईश्वरकृपेने तो वाचला. ईश्वराची कृपा म्हटले खरे. पण ती कृपा त्या दिवशी केरसुणी घेऊन आली होती.

काही दिवसांनी ते डॉक्टर मला भेटले. म्हणाले, "गुरुजी, पडलेल्या रोग्याचे पोट तपासावे हे मला शिकविले होते. पण रोगी ओरडला नाही, आणि तुम्ही म्हणालात काटक आहे. माझे चुकले." मी त्यांस म्हणालो, "साहेब, तुमचे अर्धे चुकले, माझे पुरते चुकले." आजही माझे तेच मत आहे. डॉक्टरांच्या माथी चाळीस रोगी होते. माझ्या माथी एकच होता, आणि तो माझा विद्यार्थी होता.

माझे वडील कपडे शिवीत. गावात फाटके कपडे दुरुस्तीला येत, तेव्हा ते मला सांगत, "दिसतं ते भोक लगेच शिवू नकोस. आधी कापड उजेडाकडे धर. दुसरीकडं कुठं विरलंय ते बघ." आपल्या प्रत्येक घरात ही शिकवण असेल. शिंप्याचा मुलगा असून मी ती विसरलो.

ही गोष्ट मी बरीच वर्षे मनात ठेवली. मला वाटे, हा आपल्याकडील मागासलेपणाचा, अपुऱ्या दवाखान्यांचा दोष आहे. पुढारलेल्या देशांत असे घडत नसेल. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत परिचारिका असलेली माझी पुतणी घरी आली होती. तिला ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "काका, हे काही फक्त मेळघाटात घडत नाही." आणि तिने मला तेथील संशोधनाची माहिती समजावून दिली. ती ऐकून मी थक्क झालो. आपल्यासारख्या कुटुंबांतील शेकडो मुलेमुली आज परदेशी आहेत, म्हणून ती आपणासही सांगतो.

१९९३ साली लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातापायांची लांब हाडे मोडून तेथे आलेल्या १३९ रोग्यांचे कागद तपासण्यात आले. गोऱ्या रोग्यांपैकी शंभरात २६ जणांना वेदनाशामक औषध मिळाले नव्हते. लॅटिन अमेरिकी वंशाच्या, ज्यांना तेथे हिस्पॅनिक म्हणतात, त्या रोग्यांपैकी शंभरात ५५ जणांना ते मिळाले नव्हते. हाड मोडलेले तेच, रुग्णालय तेच. पण माणूस निराळा म्हटल्याबरोबर वेदना सोसत राहण्याचा संभव दुपटीहून अधिक!

कोणी म्हणेल, भाषेची अडचण असेल. म्हणून त्याच संशोधकांपैकी एकाने पुढे अटलांटा शहरी कृष्णवर्णीय रोग्यांचा अभ्यास केला; तो २००० साली प्रसिद्ध झाला. तेथे भाषेचा प्रश्न नव्हता. गोरे आणि काळे दोघेही इंग्रजीच बोलणारे. २१७ रोगी, सर्वांची हाडे मोडलेली. गोऱ्यांपैकी शंभरात ७४ जणांना वेदनाशामक मिळाले, काळ्यांपैकी ५७ जणांना. विशेष म्हणजे, दुखते अशी तक्रार दोघांच्याही कागदांवर सारख्याच प्रमाणात नोंदलेली होती. म्हणजे बोलणे समजले होते, लिहूनही ठेवले होते. ते मनावर घेतले गेले नव्हते.

असे का व्हावे? हेतुपुरस्सर छळ करणारे डॉक्टर कोठेही थोडेच. १९९४ सालच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले, की वेदना किती आहे याचा अंदाज करताना डॉक्टर हिस्पॅनिक आणि गोऱ्या रोग्यांत भेद करीत नव्हते. तेव्हा दोष केवळ अज्ञानाचा म्हणता येत नाही. कळणे आणि वळणे यांच्या मधल्या जागेत तो कोठेतरी दडून बसतो. आणि काही ठिकाणी तो समजुतीतही असतो. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात वैद्यकाच्या २२२ गोऱ्या विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना काही प्रश्न विचारण्यात आले. काळ्या माणसाची कातडी जाड असते, यांसारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी त्यांतील जवळजवळ निम्म्यांना खरी वाटत होती. आणि ज्यांना त्या खऱ्या वाटत होत्या ते काळ्या रोग्याची वेदना कमी लेखीत होते. हे ऐकताच, बंधुभगिनींनो, मला माझे शब्द आठवले: "ही जंगलातली मुले मोठी काटक असतात, साहेब." सातासमुद्रापलीकडे शिकलेल्या लोकांनी जी चूक केली, तीच मी मेळघाटातील त्या खाटेशेजारी केली होती. माणूस दूरचा वाटला की त्याचे दुखणेही दूरचे वाटते. न ओरडणे म्हणजे न दुखणे नव्हे. जो मनुष्य पिढ्यान् पिढ्या ओरडून उपयोग होत नाही हे शिकला आहे, तो ओरडेल कशाला?

आता एवढे सांगून मी थांबलो, तर केवळ दोषच दाखविल्यासारखे होईल. उपाय होऊ शकतो, आणि तो कोणी केला, हेही सांगितले पाहिजे.

त्याच अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथे हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६० नंतरच्या काळात त्या शहरात कोणी जखमी झाला, तर पोलिसांची गाडी येई आणि त्याला मागच्या भागात टाकून नेई. वाटेत उपचार म्हणून काही नसत. वस्तीतील लोक तर पोलिसांची गाडी बोलवावयासच धजत नसत. त्यावेळी बंद पडलेला श्वास व हृदय पुन्हा सुरू करण्याच्या शास्त्राचे एक जनक, डॉ. पीटर साफर, त्या शहरी काम करीत होते. त्यांनी आणि काही समाजसेवकांनी मिळून १९६७ साली त्या वस्तीतीलच बेकार तरुण निवडले. ज्यांना लोक कुचकामी म्हणत, अशा त्या तरुणांना सुमारे ३०० तासांचे वैद्यकीय शिक्षण दिले आणि त्यांच्या हाती रुग्णवाहिका दिल्या. फ्रीडम हाऊस असे त्या सेवेचे नाव. जखमी माणसाशी त्याच्या गल्लीच्या भाषेत बोलणारी, त्याच्या आईला ओळखणारी माणसे त्याच्या खाटेशी आली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या बाईंनी त्यांना आणखी शिकविले. आणि आज जगभर रुग्णवाहिकेतून जे शिकलेले सेवक येतात, त्यांच्या शिक्षणाची पायाभरणी करणाऱ्यांत या तरुणांची गणना होते. १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. नव्या व्यवस्थेत त्यांपैकी अनेकांना टिकू दिले गेले नाही. हा अन्यायही त्या इतिहासाचाच भाग आहे. परंतु एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या वस्तीला मदत हवी, त्या वस्तीतील माणसाच्या हातात विद्या दिली, तर ती विद्या जखमीच्या कानापाशी पोहोचते. मेळघाटातील त्या बाईच्या हाती केरसुणीऐवजी ती विद्या कोणी दिली असती, तर पोराचा अर्धा दिवस वाया गेला नसता.

आपल्या महाराष्ट्रातही हे ओळखणारे लोक झाले आहेत. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाताई गेले, तेव्हा माडिया लोक त्यांच्याजवळ फिरकत नव्हते. या दांपत्याने आधी माडिया बोली शिकून घेतली. अस्वलाने फाडलेली माणसे, भाजलेली मुले त्यांच्याकडे येऊ लागली, ती नंतर. त्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? तेव्हा लोकांनी सांगितले, तुमच्या मोठ्या इमारतींची आम्हांस भीती वाटते; तुमची माणसे पांढरी वस्त्रे घालतात, आम्ही पांढऱ्या वस्त्रात मढे गुंडाळतो; आणि तेथे आमचा देव नाही. हे ऐकून घेऊन शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी गावासारख्या घरांचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. अशा या कामाची सुरुवात प्रश्न विचारण्यापासून झाली, आणि उत्तर ऐकून घेण्यापासून झाली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

कायद्यानेही दार उघडले आहे. जखमी माणसाला, मग दवाखाना सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने विनाविलंब उपचार दिले पाहिजेत, पोलिसांचे सोपस्कार मागाहून, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. रस्त्यावर पडलेल्याला उचलणाऱ्या भल्या माणसाला त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झाली. हे सारे उत्तम आहे. परंतु कायदा माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ शकतो. आत आलेल्याचे बोलणे ऐकण्यासाठी कान मात्र माणसाचाच लागतो.

आता आपल्या मंडळाविषयी. आपल्या आकस्मिक रुग्णसाहाय्य निधीतून केवळ सभासद कुटुंबांनाच मदत मिळते. गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत मी सुचविले होते, की अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या पहिल्या दिवसापुरता हा नियम काढून टाकावा. तो कोणीही असो, आपल्या माणसाच्या दृष्टीस पडला की निधीतून गाडीभाडे आणि औषध मिळावे. त्यावेळी काही वडीलधाऱ्यांनी आक्षेप घेतला, की हा सभासदांच्या घामाचा पैसा आहे. सुईच्या टोकावर मिळविलेला आहे. तो परक्यांसाठी नव्हे. या आक्षेपाचा मी अनादर करीत नाही. आपल्या पूर्वजांनी उपास काढून हे मंडळ उभे केले, हे मी जाणतो. ज्ञातीने ज्ञातीला सांभाळावे म्हणूनच मंडळे निघाली, हेही खरे.

पण माझे एक विचारणे आहे. याच सभागृहात एक कुटुंब बसले आहे, त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त दक्षिणेत गेला होता. रात्री महामार्गावर त्याची मोटारसायकल घसरली. त्याला तेथील भाषा येत नव्हती, आणि त्याला उचलणाऱ्याला हिंदीही नीट येत नव्हती. एका चहावाल्याने त्याला रिक्षात घातले, दवाखान्यात नेले, आणि त्याच्या फोनवरून घरचा क्रमांक शोधून फोन डॉक्टरांच्या कानाशी धरला. म्हणून आईने सांगितले, की याला अमुक औषध सोसत नाही. त्या चहावाल्याने विचारले नाही, की तू कोणत्या मंडळाचा सभासद? घरापासून शंभर कोस दूर गेलो की आपण प्रत्येकजण कोरकूच आहोत. आपले बोलणे तेथे कोणाला तरी 'कसं, कसं' असेच ऐकू येणार आहे.

म्हणून आज मी तीन गोष्टी मंडळापुढे ठेवतो. पहिली, वर सांगितलेला नियम बदलावा. दुसरी, आपल्या विद्यार्थी-साहाय्यातून दरवर्षी निदान एका कोरकू मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी मदत द्यावी. ती शिकली तर डोंगरातील किती मुलांचे बोलणे ऐकले जाईल याचा विचार करा. तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. कोरकू जाणत्या माणसांकडूनच वीस-पंचवीस शब्दांचा एक तक्ता लिहून घ्यावा: डोके, छाती, पोट, पाय, दुखते, चक्कर येते, कधी पडला, किती दुखते. ज्यांची दुकाने दवाखान्याच्या वाटेवर आहेत त्यांनी तो दुकानात लावावा आणि डॉक्टरांनाही नेऊन द्यावा. त्या तक्त्यातील पहिला शब्द कोणता असावा, हे मी सांगावयास नको. आणि हो, जखमीबरोबर आलेला बाप किंवा आई उंबऱ्याशी बसलेली दिसली, तर त्यांना आत घेऊन जावे.

तो मुलगा आज पन्नाशीच्या घरात आहे. शेती करतो. २०१७ साली मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या समारंभास तो डोंगरावरून मुद्दाम आला होता. मी धीर करून त्यास विचारले, "अरे, त्या दिवशी तुला मराठी येत होते. मी समोर होतो. मराठीत का नाही सांगितलेस?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, दुखत होतं तेव्हा मराठी आठवतच नव्हती. आणि मला वाटलं, गुरुजी आहेत, ते सांगतील."

बंधुभगिनींनो, या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

आज नामदेवरायांचा दिवस आहे. आपण त्यांचे वंशज म्हणवितो. चोखोबांच्या अंताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली कामकरी गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. इ.स. १३३८ साल होते असे सांगतात. जिवंतपणी ज्याला देवळाच्या आत येऊ दिले नाही, त्याला ढिगाऱ्याखालून कोण शोधणार? नामदेवराय गेले. त्या अस्थींच्या राशीतून चोखोबांच्या अस्थी त्यांनी कशा ओळखल्या? परंपरा सांगते, की त्यांनी एकेक अस्थी उचलून कानाशी धरली, आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओंजळीत घेतली. पंढरीस महाद्वारी चोखोबांची समाधी आहे आणि तेथेच नामदेवांची पायरी आहे.

आपल्या महाराजांनी मेलेल्याच्या हाडांना कान लावला. आपणाकडे तर जिवंत माणसे येतात. हाड मोडलेली, रक्त वाहणारी, आपल्याला न कळणाऱ्या बोलीत काहीतरी सांगणारी. त्यांना कान लावणे एवढे काही कठीण नाही. मी चार वर्षांत जे शिकलो नाही, ते आपण आज एका ठरावाने शिकावयास आरंभ करावा, अशी हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!